ओझं उतरवताना

वाशी-नेरूळकडे कधी दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत तुम्ही तोंड उघडून आडवे झाला असाल, किंवा आजारी नातेवाइकाला भेटायला गेल्यावर कुणाचं लक्ष नाही असं बघून त्याच्या बेडचं बटण दाबून पाहिलं असेल, तर माझ्या हातच्या कामाशी तुमची गाठ पडलेली आहे. बटण दाबूनही काही हललं नाही, तर ज्या बाईला फोन जायचा, ती मी. सत्तावीस वर्षं हेच केलं. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून तुर्भ्याच्या एका गाळ्यात नोकरीला लागले आणि गेल्या वर्षी त्याच गाळ्यातून निवृत्त झाले. मधल्या बढत्या सांगण्यासारख्या नाहीत. एक झाली, तीही उशिरा.

कामाचं नाव सर्व्हिस इंजिनिअर. प्रत्यक्षात घरोघरी जायचं आणि बेडखाली उताणं झोपून वर बघायचं. कित्येक पेशंटांच्या घरचे मला चेहऱ्यापेक्षा चपलांवरून जास्त ओळखायचे, कारण बोलणं चालू असताना माझं बाकीचं अंग बेडखाली असे.

बेडखाली काय असतं ते आधी सांगते. एक छोटी मोटर, तिला जोडलेला आट्यांचा लांब स्क्रू आणि त्या स्क्रूवर सरकणारा दांडा. मोटर सुलटी फिरली की दांडा बाहेर येतो, उलटी फिरली की आत जातो. याला ॲक्च्युएटर म्हणतात. गाडीचा जॅक असतो ना, तसंच. फक्त हँडल फिरवायला माणसाऐवजी मोटर. असा एक दांडा पेशंटची पाठ उचलतो, एक गुडघे, आणि सगळ्यांत दणकट असतो तो अख्खा बेड खालीवर करतो. हे सगळं चोवीस व्होल्टवर चालतं. घरातली वीज चोवीस करून मोटरला पुरवणारा डबा म्हणजे कंट्रोल बॉक्स. आमच्या धंद्यातली निम्मी दुखणी ह्या डब्याची असतात, आणि त्यातली बरीचशी एकाच गोष्टीने होतात. व्होल्टेज क्षणभर भलतंच वर जातं आणि परत येतं. इंग्रजीत त्याला स्पाइक म्हणतात, आम्ही झटका म्हणायचो. डोळ्याची पापणी लवायच्या आत येऊन जातो. मागे राहतो तो जळका वास.

हा झटका पकडण्यात माझं नाव होतं. वाशीच्या एका दाताच्या डॉक्टरांची खुर्ची पेशंट बसलेला असतानाच मध्येच अडकायची. त्यांनी तीन मेकॅनिक बदलले आणि शेवटी खुर्चीच्या हाताला लिंबू-मिरची बांधली. पेशंटांना ते नेमकं तोंड उघडताना दिसायचं. मी तिथे एक अख्खी सकाळ नुसती बसून राहिले. खुर्ची अडकण्याआधी दर वेळी बाथरूममधला हवेचा कॉम्प्रेसर सुरू होत होता. दोघांची लाइन एकच. कॉम्प्रेसरची लाइन वेगळी केली, खुर्ची सुतासारखी सरळ झाली. डॉक्टरांनी लिंबू-मिरची मात्र काढली नाही. म्हणाले, "मॅडम, दोन्हीमुळे झालं असेल."

अशा चार-पाच केस झाल्या आणि माझ्या डोक्यात पक्कं बसलं की झटका बाहेरून येतो. शेजारचा पंप, खालचं वेल्डिंग, सोसायटीची लिफ्ट, असा कुणीतरी चोर बाहेर असतो आणि आपण तो शोधायचा. ह्या खात्रीपायी मी एका घराला जो त्रास दिला, तो सांगायला बसले आहे.

तात्या एपीएमसी मार्केटच्या कांदा-बटाटा बाजारात माथाडी होते. मूळ गाव साताऱ्याकडचं, कोरेगाव तालुक्यात. सोळाव्या वर्षापासून पाठीवर गोणी. ट्रकवरून माल उतरवताना फळी सरकली आणि ते गोणीसकट खाली आले. मणका गेला. कमरेखाली काही कळत नव्हतं. वर मात्र खांदे, दंड, मान, सगळं जसंच्या तसं, पैलवानासारखं. वजन एकशे आठ किलो. कोपरखैरण्याच्या बैठ्या घरात ते आणि त्यांची बायको कुसुम असे दोघंच. मुलगी लग्न होऊन पुण्याला. कुसुमवहिनी अंगाने इतक्या लहान, की तात्यांच्या बाजूला उभ्या राहिल्या की त्यांची लेक वाटायच्या.

त्यांचा बेड मीच निवडून दिला होता. तात्यांच्या टोळीचे मुकादम आणि वहिनी आमच्या गाळ्यावर आले होते. नवीन मॉडेल नुकतंच आलं होतं. जुना स्क्रू घरघर करत गोगलगाईसारखा चालायचा, नवा पटकन आणि बिनआवाजाचा. मी बटण दाबून दाखवलं. वहिनींनी विचारलं, "खाली किती येतो ह्यो?"

"अगदी खाली. पेशंट कडेला बसला तर पाय जमिनीला टेकतात. मग व्हीलचेअरवर सरकवायला उचलावं लागत नाही."

"मग ह्योच द्या," त्या म्हणाल्या.

त्यांना त्या बेडचं खालीवर होणं फार लागायचं. दर दोन-तीन तासांनी तात्यांना कुशीवर वळवायचं, त्यासाठी बेड कंबरेइतका वर हवा. अंघोळीला, दारात उन्हाला बसवायला तो खाली हवा. माणूस एकाच जागी पडून राहिला की माकडहाडापाशी कातडी जाते आणि जखम होते. ती आत आत जाते आणि जिवावर बेतते. बेड बंद पडणं म्हणजे आमच्यासाठी कंप्लेंट नंबर असतो. त्या घरात त्याचा अर्थ ती जखम.

महिन्याभरात पहिला फोन आला. बेड वरच अडकलाय, खाली येत नाही. मी गेले. आमचा नियम असा, की काम करताना पेशंटला बेडवर ठेवायचं नाही. शेजारचे चौघे बोलावून तात्यांना चादरीत धरून खाली गादीवर ठेवलं. डबा उघडला, आतला एक भाग जळलेला. नवा डबा लावला, मीटर लावून बघितलं. वर नेताना चोवीस, खाली आणताना चोवीस. झकास. आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून धडधड सुरू झाली.

"हे काय?"

"गिरन हाय न्हवं पिठाची, नामदेवशेठची," वहिनी म्हणाल्या.

मला चोर सापडला. मी मोठ्या खात्रीने सांगितलं की गिरणीची मोटर झटके मारते, लाइन वेगळी करून घ्या. प्लगपाशी झटका अडवणारी पट्टी लावून दिली आणि चहा पिऊन निघाले.

पुढच्या फोनवर कळलं की वहिनी गिरणीवर जाऊन भांडून आल्या होत्या. नामदेवशेठ तिथले मूळचे, गावठाणातले. तात्या पडले तेव्हा रिक्षा आणायला पहिले तेच धावले होते. आता दोन्ही घरं बोलत नव्हती, आणि डबा पुन्हा जळला होता.

दुसऱ्या वेळी मी गेले तेव्हा गिरणी सकाळपासून बंद होती, तिची लाइन बिघडल्यामुळे, आणि डबा त्यानंतर जळला होता. म्हणजे चोर तो नव्हता. हे कबूल करण्याऐवजी मी दुसरा शोधला. वहिनींना म्हणाले, "तुम्ही बटण कसं दाबता, दाखवा."

त्यांनी अंगठा ठेवून सलग दाबून धरलं.

"असं नको. जरा जरा दाबायचं. दाबा, सोडा, दाबा, सोडा. मोटरला दम खाऊ द्या."

रिपोर्टच्या फॉर्मवर कारणाचा रकाना असतो. त्यात मी इंग्रजीत लिहिलं, 'वापरातील चूक'. फॉर्म पुढे केला. वहिनींनी पेन घट्ट धरून, एकेक अक्षर जोडत सही केली. आपण कशाखाली सही करतोय हे त्यांना वाचता येत नव्हतं, आणि मी वाचून दाखवलं नाही. सत्तावीस वर्षांत हजारो सह्या घेतल्या असतील. ती एक मला अजून त्या रकान्यासकट आठवते.

तिसरा डबा अकरा दिवसांत गेला. आधीच्यापेक्षाही लवकर.

ह्या वेळी बेड जवळजवळ पूर्ण वर अडकला होता, पाठ अर्धी उचललेली. सकाळची वेळ, शेजारचे पुरुष कामावर गेलेले. तात्यांना उतरवायला कुणी नाही, वळवायला वहिनींची उंची पुरत नाही. मी पोचेपर्यंत चार तास ते त्याच एका स्थितीत होते. तात्यांचा घाम पुसत वहिनी स्टुलावर उभ्या होत्या. मला बघून त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "ताई, म्या तुमी सांगितलं तसंच दाबत हुते. आईची आन. जरा जरा."

आम्ही दोघींनी कसंबसं तात्यांना कुशीला केलं, तेव्हा मला ती जखम दिसली. रुपयाच्या नाण्याएवढी होती आधी, वहिनी म्हणाल्या. आता तळहातात मावत नव्हती. ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टर बजावून गेल्या होत्या की हाडापर्यंत गेली तर हॉस्पिटलात न्यावं लागेल.

तात्या भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "वजन माझंच लई हाय ताई. हिला म्या सांगतोय, मला अर्धीच भाकरी दे. बेड तरी टिकंल."

ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याचं वजन पाठीवर घेतलं, तो स्वतःच्या वजनाची माफी मागत होता, आणि ती माझ्याकडे.

मी बाहेर ओट्यावर येऊन आमच्या मॅनेजरना फोन लावला. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांच्या टेबलावर दिवसाला तीस कंप्लेंट असायच्या.

"मॅडम, तिसरा बॉक्स? पेशंट हेवी आहे ना? ओव्हरवेट लिहा आणि विषय क्लोज करा."

"सर, बेड एकशे ऐंशी किलोचा आहे. पेशंट एकशे आठ."

"मग युजर एरर. मागच्या वेळी तुम्हीच लिहिलंय."

"ते चुकीचं लिहिलं होतं."

"मग कारण काय आहे?"

"मला माहीत नाही."

मग ते म्हणाले, "माहीत नाही असं रिपोर्टमध्ये लिहिता येत नाही, मॅडम."

मी आत आले आणि लिहिलं. 'कारण सापडलेले नाही. सापडेपर्यंत केस बंद करू नये.' मराठीत लिहिलं, मोठ्या अक्षरात, आणि ह्या वेळी वहिनींना वाचून दाखवलं. डबा बदलला, बेड कंबरेइतका खाली घेतला, पण आता चौथा जळणार हे मला माहीत होतं. म्हणून वहिनींना म्हटलं, "बेड आहे ह्याच उंचीवर राहू दे. वळवणं ह्यावर जमेल. मी परत येईपर्यंत खाली घ्यायचा नाही."

"आन उन्हाला?"

"थोडे दिवस."

मग मी तात्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसले. इतक्या वेळा त्या घरात आले होते, पण बेडवरच्या माणसाला एकदाही काही विचारलं नव्हतं. माझं बोलणं डब्याशी आणि बटण दाबणाऱ्याशी. म्हटलं, "तात्या, तुम्ही चोवीस तास ह्या बेडवर असता. तुम्हाला काय कळतं ते सांगा. कधी बिघडतो?"

"उतरताना," ते लगेच म्हणाले.

"दर वेळी?"

"दर वेळी. चढताना बिनघोर चढतोय. मोटर कण्हती जरा, पर चढती. उतरताना तिचा आवाज बदलतुया. कण्हत न्हाय, पळती. जशी काय म्याच तिला ढकलतोय."

"म्हणजे?"

ते माझ्याकडे वळले. कामाचं कुणीतरी विचारतंय म्हटल्यावर त्यांचा चेहराच वेगळा झाला. "आता बगा. गोणी घिऊन फळीवर चढताना दम लागतोय, पर पाय आपल्या हातात असत्यात. उतरताना तसं न्हाय. उतरताना ओझं मानसाला ढकलतंय. मानूस चालत न्हाय, ओझं त्याला चालवतंय. नवी पोरं तितंच पडत्यात. आन मधीच कुनी 'थांब' म्हनून वरडलं तर मेलाच. धावतं ओझं थांबवायचं म्हंजे समदा दणका गुडघ्यात. म्या टोळीतल्या पोरास्नी सांगायचो, उतरताना थांबू नका, आन थांबायचं आसंल तर हळू हळू थांबा."

मला लाज वाटली, आणि त्याच वेळी खरा चोर दिसला.

सायकलचा डायनॅमो आठवा. चाकाने फिरवलं की त्यातून वीज निघते. मोटर आणि डायनॅमो मुळात एकच वस्तू. वीज दिली तर फिरते, बाहेरून फिरवली तर वीज देते. जुना घरघर करणारा स्क्रू इतका घट्ट होता, की वरून कितीही वजन आलं तरी तो त्या वजनाने फिरत नसे. नवा गुळगुळीत, बिनआवाजाचा. तात्यांच्या वजनाने तो आपोआप फिरत असणार, आणि तोच मोटरला फिरवत असणार. मोटर वीज तयार करून उलटी डब्यात पाठवणार. डब्याला वीज द्यायची माहिती, घ्यायची नाही. मग आतलं व्होल्टेज चढतच जाणार. त्यात मध्येच बटण सोडलं तर अजून एक दणका. नळ जोरात चालू असताना फटकन बंद केला की पाइप कसा धडकतो, तसा. दाबा, सोडा, दाबा, सोडा. वहिनींना मीच शिकवलं होतं. तिसरा डबा अकरा दिवसांत का गेला, ते माझ्याच सल्ल्यात होतं.

आणि मला हे कधी दिसलं का नाही? कारण मीटर लावायच्या आधी मी दर वेळी तात्यांना खाली उतरवत होते. रिकाम्या बेडला काय झटका येणार!

गाळ्यावर त्याच मॉडेलचा बेड दाखवायला ठेवलेला होता. त्यावर एकशे आठ किलो कसे ठेवायचे, हा प्रश्न होता. माणूस झोपवून डबा जळतो का ते बघणं मला नको होतं. मी मुकादमांना फोन केला. दुसऱ्या दिवशी दुपारी बाजार हलका झाल्यावर ते टेम्पो घेऊन आले. बरोबर टोळीतले दोघे. पन्नास-पन्नासच्या दोन कांद्याच्या गोण्या आणि आठ किलोची बटाट्याची पिशवी.

"तात्याचं डोकं म्हनून बटाटं आनल्यात," मुकादम म्हणाले आणि पिशवी उशीवर ठेवली. हसता हसता त्यांनी तोंड फिरवलं.

मीटरवर हे दिसत नाही. मीटर सावकाश बघतो, सरासरी सांगतो. त्यासाठी ऑसिलोस्कोप लागतो, व्होल्टेजची रेघ काढून दाखवणारा पडदा. आमच्याकडचा जुना होता, पण क्षणात येऊन गेलेली गोष्ट धरून ठेवायचा. तारा जोडल्या. बेड वर घेतला. रेघ चोवीसवर, किंचित खाली वाकलेली. मग मी खाली यायचं बटण दाबलं.

रेघ चढू लागली. अठ्ठावीस. तेहेतीस. अडतीस. मोटरचा आवाज बदलला. तात्या म्हणाले होते तसाच, कण्हणं थांबून ती पळायला लागली. मी अंगठा उचलला. पडद्यावर एक सुळका उभा राहिला आणि खाली आला. एकसष्ट व्होल्ट. डब्यातले भाग पन्नासपर्यंतच सोसणारे.

"काय झालं ताई?" मुकादमांनी विचारलं.

"तात्या बरोबर बोलले," मी म्हटलं.

मी मॅनेजरना केबिनमधून बोलावून आणलं. रिमोट त्यांच्या हातात दिला. त्यांनी बेड वर घेतला, खाली घेतला, मध्येच सोडला. पडद्याकडे बघत राहिले. पुन्हा केलं. मग गोण्यांकडे बघून म्हणाले, "फॅक्टरीत टेस्ट झाला होता ना हा?"

"उचलायचा झाला होता. वजन ठेवून उतरवायचा कुणी केला नाही."

"असे किती दिलेत आपण?"

"तेवीस."

ते खुर्चीत बसले. "बाकीच्यांची कंप्लेंट नाही."

"बाकीचे पेशंट हलके आहेत, सर. अजून आली नाही एवढंच."

ते डोळे चोळत म्हणाले, "काय लागेल ते सांगा."

लागलं फारसं काही नाही. व्होल्टेज तीसच्या वर गेलं की आपोआप एक वाट उघडायची आणि जादा वीज जाड रेझिस्टरमध्ये सोडून द्यायची. तिथे ती गरम होऊन संपते, डब्यापर्यंत पोचत नाही. मोटरच्या तारांशी सुळका गिळून टाकणारा एक छोटा भाग. हे नवीन ज्ञान नव्हे. लिफ्टवाले, क्रेनवाले कधीपासून करतात. पण माझ्यासाठी ते सोपं नव्हतं. माणसाच्या अंगाखाली जाणारी वस्तू होती. पहिलं सर्किट फार तापलं, मोडून टाकलं. दुसऱ्याची वाट उशिरा उघडत होती. तिसरं मनासारखं झालं. रेझिस्टर ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर बसवून वर जाळी घातली. मग त्या दोन गोण्यांना मी आठवडाभर खालीवर केलं. दिवसभरात शंभर वेळा, थांबत, न थांबता, मुद्दाम फटके देत. पाचव्या दिवशी कांद्याचा वास सबंध गाळ्यात भरला आणि अकाउंट्सच्या बाई रुमालाने नाक धरून येऊ लागल्या. रेघ एकतीसच्या वर गेली नाही. हेड ऑफिसने फोटो आणि आकडे मागवून घेतले आणि लेखी परवानगी दिली, तेवीसच्या तेवीस बेडांसाठी.

कोपरखैरण्याला गेले ती आधी गिरणीत शिरले. नामदेवशेठ पिठाने पांढरे झालेले. मी सांगितलं, "शेठ, बेडचा बिघाड तुमच्या गिरणीमुळे नव्हता. मी चुकीचं सांगितलं. वहिनी माझ्या सांगण्यावरून भांडल्या."

त्यांनी हात झटकले. "मी तवाच बोल्लो हुतो, माजी गिरन वीस वर्सां चालते, कुनाचा दिवा पन नाय गेला." मग जरा थांबून, "तात्या कसा हाय?"

"आज बेड चालू करतेय. तुम्ही चला. पण गिरणी चालू ठेवून चला."

ते आले. दारात वहिनींनी त्यांना बघितलं, पदर सावरला आणि आत जाऊन चहाचं आधण वाढवलं. एवढंच झालं.

सर्किट बसवायला तासभर लागला. मग मी जुना रिपोर्ट काढला, 'वापरातील चूक' लिहिलेला. वहिनींना समोर बसवून तो रकाना मराठीत वाचून दाखवला. त्यांचा चेहरा पडला.

"म्या चुकले हुते?"

"नाही. चूक माझी. तुम्ही पहिल्यापासून बरोबर दाबत होता." मी त्या ओळीवर काट मारली, खाली खरं कारण लिहिलं आणि ह्या वेळी सही माझी केली. त्यांनी कागद घेऊन बराच वेळ त्याच्याकडे बघितलं, घडी घातली आणि तो औषधांच्या डब्यात ठेवला.

"आता खाली घ्या," मी म्हटलं. "सलग."

"ह्यांना उतरवायचं न्हाय आधी?"

"नाही. तात्या बेडवरच."

पलीकडे गिरणी धडधडत होती. वहिनींनी रिमोट दोन्ही हातांत धरला. अंगठा बटणावर ठेवला, पण दाबेनात. तात्या म्हणाले, "दाब गं. म्या हाय की."

बेड खाली येऊ लागला. मोटरचा आवाज बदलला तशी वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी मानेनेच सांगितलं, सोडू नका. बेडखाली जाळीपाशी मी हात धरला होता, ऊब लागत होती. तात्यांचं वजन तिथे ऊब होऊन निघून जात होतं. बेड न अडखळता अगदी तळाला आला आणि थांबला.

नामदेवशेठ आणि मी मिळून तात्यांना कडेला बसवलं, जखमेखाली सिस्टरांची मऊ उशी सरकवून. त्यांचे पाय वहिनींनी एकेक करून खाली सोडले. तात्यांना पायांचं काही कळत नव्हतं, आणि पोट पुढे आल्यामुळे वाकून दिसतही नव्हतं. ते समोर दाराकडे बघत होते. बाहेर ऊन होतं.

"टेकलं का?" त्यांनी विचारलं.

वहिनी खाली बसल्या होत्या. त्यांनी तात्यांच्या पावलाखाली बोटं घालून बघितली. बोटं जाईनात.

"टेकलं," त्या म्हणाल्या.